दोन्या पाझ: गर्दी हे अर्धंच उत्तर

तुमचे प्रश्न दोन. फिलिपीन्समध्ये एक प्रवासी बोट बुडून टायटॅनिकच्या जवळजवळ तिप्पट माणसं गेली, हे आईंच्या फोनवर फिरत आलेलं खरं आहे का? आणि ती बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली म्हणून बुडाली का? शिवाय जानेवारीत तुम्ही सगळे तिथल्याच बातांगासहून मिंदोरो बेटावरच्या कालापानला बोटीनं जाणार आहात, आणि हे वाचल्यापासून आईंचा जीव थाऱ्यावर नाही.

पहिल्याचं उत्तर हो. बोटीचं नाव दोन्या पाझ, तारीख २० डिसेंबर १९८७. मृतांचा आकडा ४,३८६ असा दिला जातो. शांततेच्या काळात एवढी माणसं एका सागरी अपघातात दुसऱ्या कुठेच गेलेली नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मात्र नाही. ती गर्दीनं बुडाली नाही. आणि गर्दी नसती तरी तिच्यावरचं फारसं कोणी वाचलं नसतं, असं माझं मत आहे. ३१ वर्षं तेलवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी पेट्रोलसारखा माल नेण्यात. त्यामुळे या गोष्टीत मला आधी बोट दिसत नाही, तिला धडकलेला टँकर दिसतो. तो बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेला असतो.

पण बोटीपासूनच सुरुवात करू, कारण तिचं आयुष्य मजेशीर होतं. १९६३ मध्ये ती जपानमधल्या हिरोशिमा प्रांतात, ओनोमिचीच्या गोदीत बांधली गेली. नाव हिमेयुरी मारू. लांबी ९३ मीटर, २,३२४ टन, वेग १८ नॉट, म्हणजे ताशी १८ सागरी मैल. जपानमध्ये तिला ६०८ प्रवासी न्यायची परवानगी होती. हा ६०८ लक्षात ठेवा. १९७५ मध्ये सुल्पिसिओ लाइन्स या कंपनीनं ती विकत घेतली आणि दोन सुल्पिसिओ असं नाव ठेवलं. (हे 'दोन' म्हणजे दोनाचा आकडा नव्हे, स्पॅनिशमधलं 'श्रीमान'. 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब आणि 'पाझ' म्हणजे शांती. आपल्याकडे 'शांताबाईसाहेब' म्हणावं तसं.) जपानी किनाऱ्यावर वय झालेल्या बोटी फिलिपीन्सला येणं हा तेव्हाचा सरळ धंदा होता. हजारो बेटांच्या देशात बोट म्हणजे एसटी, आणि नवी कोरी बोट बांधून घेण्याएवढं भाडं गरीब प्रवाशाकडून निघत नाही. जुनी घ्यायची, उघड्या डेकवर छप्पर टाकायचं, खाटांच्या रांगा वाढवायच्या. अशा रीतीनं ६०८ चे १,५१८ झाले. कागदावर, कायदेशीर. अपघाताच्या रात्री ती 'क्षमतेपेक्षा जास्त' भरली होती असं आपण म्हणतो, तेव्हा ती क्षमताच आधी अडीचपट झालेली होती हे विसरतो.

५ जून १९७९ ला याच बोटीला मनिलाहून सेबूला जाताना आग लागली. बोट आतून पूर्ण जळाली. शेवटी ती उथळ पाण्यात चढवली. विमावाल्यांनी तिला मोडीत काढलं, म्हणजे दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जातोय असं ठरवलं. वर माणसं होती १,१६४. सगळी वाचली. एकही गेलं नाही. कंपनीनं सांगाडा विमा कंपनीकडून परत घेतला, नव्यानं उभा केला, नाव बदलून दोन्या पाझ केलं आणि मनिला-ताक्लोबान मार्गावर, आठवड्यातून दोन फेऱ्यांना लावला.

आता दोन आगी शेजारी ठेवा. तीच बोट, तीच कंपनी. एकदा ११६४ पैकी ११६४ वाचले. साडेआठ वर्षांनी चार हजारांवर माणसांतून २४. नुसत्या गर्दीनं एवढा फरक पडत नाही.

२० डिसेंबरला सकाळी साडेसहाला ती ताक्लोबानहून निघाली. वाटेत कातबालोगान, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मनिला. नाताळ पाच दिवसांवर. लेते आणि सामार बेटांवरची माणसं मनिलातल्या नातलगांकडे निघालेली. गणपतीच्या आदल्या दिवशीची कोकणची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं वर्णन नको. एकेका खाटेवर तीन-चार जण, बोळात आणि जिन्याजवळ चटया टाकून झोपलेली कुटुंबं, हे बचावलेल्यांनीच सांगितलं आहे.

रात्री साडेदहाच्या सुमारास ती तबलास सामुद्रधुनीत, मिंदोरो बेटाच्या दुमाली टोकाजवळ होती. आकाश स्वच्छ, पण समुद्र खवळलेला. डिसेंबरात तिकडे ईशान्येचा वारा असतो, त्याला ते आमिहान म्हणतात. समोरून येत होता व्हेक्टर नावाचा ६२९ टनी टँकर. बाताआनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल मिळून ८,८०० बॅरल माल घेऊन तो मास्बाते बेटाकडे चालला होता. माल काल्टेक्स या तेल कंपनीचा. टँकरवर तेरा माणसं.

टक्कर कशी झाली? एक हिशोब करा. समजा बोट १६ नॉटनं येतेय आणि टँकर १० नॉटनं जातोय. दोघं समोरासमोर म्हणजे अंतर ताशी २६ मैलांनी कमी होतंय. एवढ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा स्वच्छ रात्री सहा सागरी मैलांवरून दिसायलाच हवा, नियमच तसा आहे. म्हणजे दिवा दिसल्यापासून धडकेपर्यंत चौदा मिनिटं. लाल-हिरवे बाजूचे दिवे तीन मैलांवरून, म्हणजे सात मिनिटं. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या माणसाला तेवढ्यात करायचं काय, तर समोरच्या दिव्याचं बेअरिंग, म्हणजे तो नेमका कुठल्या दिशेला दिसतोय ते, दोनदा घ्यायचं. बेअरिंग बदलत नसेल आणि दिवा जवळ येत असेल, तर टक्कर ठरलेली. मग सुकाणू उजवीकडे. हे कॅडेटला पहिल्या महिन्यात शिकवतात. सात मिनिटं फार मोठा वेळ असतो. पण तो फक्त बघणाऱ्यासाठी. टँकरवर टेहळणीला कोणी नव्हतं, असं चौकशीत निघालं. आणि बोटीच्या ब्रिजवर त्या वेळी एकच शिकाऊ खलाशी होता, असं तटरक्षक दलाच्या प्राथमिक चौकशीत आलं. बाकीचे अधिकारी टीव्ही बघत होते, असंही बचावलेल्यांनी सांगितलं. रिकाम्या डोळ्यांची दोन जहाजं एकमेकांना शोधत नसतात, पण वाट एकच असली की सापडतात.

पुढचा भाग माझ्या धंद्याचा, म्हणून जरा थांबतो.

टँकरच्या टाकीतलं पेट्रोल बंद असताना सहसा पेटत नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, तिला हवाच पुरत नाही. पण पत्रा फाटला की बाहेरची हवा आत शिरते, माल बाहेर सांडतो, वाफ पातळ होत होत नेमकी त्या घातक पट्ट्यात येते, आणि त्याच क्षणी लोखंडावर लोखंड घासून ठिणग्या उडत असतात. डिझेल एकटं असतं तर थंड पाण्यावर पेटवायला कष्ट पडले असते. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांतही पेट घेण्याएवढी निघते. आधी पेट्रोल पेटतं आणि मग त्याच्या उष्णतेनं रॉकेल, डिझेल पेटतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते तरंगत पसरतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वर न जाता पाण्यालगत सरपटते. म्हणजे बोटीच्या भोवतीचा समुद्रच पेटला. वर बोट पेटलेली.

१९७९ मध्ये आग बोटीच्या पोटात होती आणि समुद्र ही सुटकेची जागा होती. १९८७ मध्ये समुद्रच पेटलेला. बोटीवर जीव वाचवायची जेवढी साधनं असतात, होड्या, तराफे, जॅकेटं, ती सगळी एका गृहीतावर उभी आहेत: पाण्यात उतरलं की माणूस वाचतो. ते गृहीतच त्या रात्री जळालं.

लाइफजॅकेटांची कपाटं कुलूपबंद होती, असं एका बचावलेल्यानं सांगितलं. ही गोष्ट संतापजनक आहेच, प्रत्येक लेखात असते. पण खरं सांगू? पेटत्या तेलात लाइफजॅकेट घालून उडी मारणं हा मरणाचा सोपा रस्ता. जॅकेट तुम्हाला वर धरून ठेवतं, म्हणजे ज्वाळेत. आम्हाला शिकवलं जायचं ते असं: वाऱ्याच्या बाजूनं उडी मारा, जॅकेट अंगात नको, पाण्याखालून पोहा, श्वासासाठी वर येताना हातांनी पाणी उडवून जागा करा, श्वास घ्या, परत खाली. जे २४ वाचले ते जवळपास असंच, आगीखालून पोहून वाचले, बहुतेक भाजलेले. पोरंबाळं, म्हातारी माणसं, झोपेतून उठलेल्या बाया यांच्याकडून हे कसं व्हावं? टक्कर झाल्यावर काही मिनिटांत दिवेही गेले होते.

बोट दोन तासांत बुडाली, टँकर चार तासांत. टँकरच्या तेरांपैकी दोघं वाचले. म्हणजे एकूण २६. त्यांना उचललं ते जवळून जाणाऱ्या दोन क्लाउदिओ या जहाजानं. त्या जहाजावरच्यांनी स्फोट पाहिला, तासाभरात तिथं पोहोचले, आणि कडेनं जाळं सोडून माणसं वर घेतली. सरकारी यंत्रणेला अपघात कळायला आठ तास लागले, शोधकार्य उभं राहायला आणखी आठ. रेवसकडच्या जुन्या माणसांना हे ओळखीचं वाटेल. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट उलटली तेव्हा तिच्यावर वायरलेस नव्हता, आणि मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती.

आता गर्दी. ती कशी मोजली, हे सांगायलाच हवं, कारण ४,३८६ हा आकडा कोणी डोकी मोजून काढलेला नाही. कंपनीच्या यादीत १,४९३ प्रवासी होते, परवानगीच्या आत, सगळं नीट. मग प्रेतं सापडायला लागली. पाच दिवसांत ओळख पटलेल्या २१ प्रवाशांपैकी यादीत नाव होतं एकाचं. वाचलेल्या २४ पैकी पाच जणांचं. कोणाचीही यादी तपासायची तर यापेक्षा निर्दयी नमुना मिळायचा नाही. बाकीचे कोण? बोटीवरच स्वस्तात तिकीट घेतलेले, फुकट पासवाले, चार वर्षांखालची मुलं. चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून नावही नाही. कंपनीनं तिसऱ्या दिवशी प्रत्येक बळीमागे २० हजार पेसो देऊ केले. लगोलग मनिलाच्या रिझाल पार्कमध्ये शेकडो लोक जमले, कारण त्यांची माणसं यादीतच नव्हती, म्हणजे हिशोबानं मेलीच नव्हती. अखेर १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीनं न्यायालयातली कागदपत्रं आणि भरपाईचे चार हजारांवर दावे तपासून प्रवासी सुमारे ४,३४० असावेत असा निष्कर्ष काढला. मेलेल्यांची मोजणी त्यांच्या घरच्यांच्या अर्जांवरून झाली. ज्या घरातून अर्ज करायलाही कोणी उरलं नसेल, त्या घराचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

तर गर्दीनं काय केलं? आकडा मोठा केला, बोळ अडवले, आणि काही माणसांना डेकपर्यंत पोहोचूही दिलं नसेल. पण तिच्यावर फक्त कायदेशीर १,५१८ असते, तर आपण आज चार हजारांऐवजी साधारण दीड हजार मृत म्हटलं असतं, म्हणजे टायटॅनिकएवढे. वाचले असते ते फार तर काही डझन. हे माझं अनुमान आहे, दुसऱ्या दर्यावर्दीचं वेगळं असू शकेल. पण 'बोट ओव्हरलोड होती' एवढ्यावर विषय संपवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, कारण त्यात टँकर सुटतो.

आणि तो टँकर बघा. चौकशी मंडळानं १९८८ मध्ये दोष त्याच्यावर ठेवला. चालवायचा वैध परवाना नाही, हवी ती पात्रता असलेला कप्तान नाही, टेहळणीला माणूस नाही. असं जहाज चोरून, रात्री, खाडीतून निघालेलं नव्हतं. मोठ्या कारखान्याच्या धक्क्याला लागलं, पाइप जोडले, ८,८०० बॅरल माल भरून घेतला, कागदांवर सह्या झाल्या, आणि निघालं. माल भरताना आमचा टँकर धक्क्याला लागला की धक्क्यावरचा माणूस आमच्या बुटांचे तळवेसुद्धा बघायचा. म्हणून मला हे पचत नाही. प्रकरण फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका बुडालेल्या शिक्षकाच्या घरच्यांनी लढलेला दावा होता तो. १९९९ च्या निकालात ठरलं की भरपाईचा बोजा टँकरच्या मालकांवर, आणि मालाचा मालक असलेल्या काल्टेक्सची जबाबदारी नाही. जहाज भाड्यानं घेणाऱ्यानं ते समुद्रात जायला लायक आहे असं धरून चालायला हरकत नाही, ते बघणं जहाजमालकाचं काम, असा साधारण युक्तिवाद.

कायद्यानं तो बरोबर असेल, वकिलीत मी पडत नाही. पण आमच्या धंद्यानं तो मार्ग सोडून दिला. मोठ्या तेल कंपन्यांच्या संघटनेनं १९९३ पासून टँकर तपासण्याची सामाईक पद्धत सुरू केली. आता भाड्यानं घेणारा आधी तपासनीस पाठवतो, तो दिवसभर जहाज उलटंपालटं करतो, कप्तानाचं प्रमाणपत्र मागतो, रात्रीच्या टेहळणीची नोंदवही चाळतो. आम्ही त्या तपासणीला मनापासून शिव्या द्यायचो. व्हेक्टर तिच्यातून धक्क्यापर्यंतही पोहोचला नसता. अडचण एवढीच की अशी तपासणी आंतरराष्ट्रीय मोठ्या मालाला लागते, बेटाबेटांमधल्या सहाशे टनी टँकरला दरवेळी लागत नाही.

हे जुनं झालं म्हणाल, तर २८ फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट ऐका. प्रिन्सेस एम्प्रेस नावाचा टँकर सुमारे ८ लाख लिटर जळाऊ तेल घेऊन बुडाला. कुठे? नाउहान गावासमोर, त्याच पूर्व मिंदोरोच्या किनाऱ्यावर. खलाशी वाचले, पण पोला गावची मासेमारी बुडाली. आणि मरीना, म्हणजे तिथल्या जहाज वाहतुकीची नियामक संस्था, तिनं सिनेटच्या सुनावणीत सांगितलं की या टँकरला चालवायचा परवानाच नव्हता. पस्तीस वर्षं मध्ये गेली होती.

सुल्पिसिओचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगतो. १९८८ मध्ये दोन्या मारिलिन वादळात गेली, १९९८ मध्ये प्रिन्सेस ऑफ द ओरिएंट, आणि जून २००८ मध्ये प्रिन्सेस ऑफ द स्टार्स. ही शेवटची २३ हजार टनांची, दोन्या पाझच्या दसपट, आणि अर्धीही भरलेली नव्हती. वादळाचा इशारा असताना मनिलाहून निघाली, वादळानं वाट बदलली, आणि सिबुयान बेटाजवळ ती उलटी झाली. आठशेच्या वर माणसं गेली. गर्दीचा तिथं काहीच संबंध नव्हता. २०१५ मध्ये मरीनानं कंपनीचा प्रवासी वाहतुकीचा परवाना रद्द केला. दोन्या पाझचा सांगाडा २०१९ मध्ये पेट्रेल या संशोधन जहाजाला सापडला, सुमारे ५०० मीटर खोल, सरळ उभा. दोन किलोमीटरवर व्हेक्टर, तोही सरळ.

आता आईंसाठी. बातांगास ते कालापान हा दोन-अडीच तासांचा पट्टा आहे, रोज अनेक फेऱ्या असतात, आणि वादळाचा सिग्नल लागला की तटरक्षक दल बोटी सोडत नाही. सिग्नलमुळे अडकलात तर चिडू नका, हॉटेलात आणखी एक रात्र काढा. तिकीट घेताना नाव, वय लिहून घेतात. ते पासपोर्टवरच्यासारखं आहे ना ते स्वतः वाचा, धाकट्याचंही. तो चार वर्षांचा नसला तरी त्याचं नाव यादीत लिहायला लावा. एसीच्या खोलीत दार बंद करून बसू नका, उघड्या डेकजवळ बसा आणि तिथवर जाणारा जिना एकदा चालून या, किती पायऱ्या आहेत ते पाहा. जॅकेट कुठे आहे ते बघा आणि एकदा अंगावर चढवून बघा, लोक हसले तरी. आईंना नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला नको, तिथं उलटी होते. मध्यभागी बसवा, आणि आल्याची वडी जवळ ठेवा.